बुरशीचं नाव आधी, औषध नंतर: लॅबमध्ये फंगल कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी कशी करायची

'यीस्ट ग्रोन, फ्लुकोनाझोल सेन्सिटिव्ह' (एकपेशीय बुरशी उगवली, फ्लुकोनाझोल हे औषध चालेल) एवढंच लिहून रिपोर्ट सोडणाऱ्या लॅब अजूनही भरपूर आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पलीकडे आयसीयूमधला डॉक्टर त्या एका ओळीवर विश्वास ठेवून पेशंटला औषध चालू करतो. ते यीस्ट कॅन्डिडा क्रुसेई असेल तर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही, टेस्टमध्ये औषधाच्या डिस्कभोवती वाढ नसलेला झोन कितीही मोठा दिसू दे. कॅन्डिडा ऑरिस असेल तर औषध तर बहुतेकदा चुकतंच, वर तो पेशंट जनरल आयसीयूत इतरांच्या शेजारी पडून राहतो आणि आठवड्याभरात बाजूच्या बेडवरही तेच सापडतं. म्हणून हे सगळं लिहितोय, खास करून तालुक्या-जिल्ह्याच्या लॅबमधले टेक्निशियन आणि नवीन रेसिडेंट यांच्यासाठी. साधा चांगला मायक्रोस्कोप, दोन इन्क्युबेटर, एक क्लास टू सेफ्टी कॅबिनेट आणि थोडा धीर, एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. मशीन असेल तर उत्तमच पण मशीनवर डोळे झाकून विसंबायचं नाही, ते का ते पुढे येईलच.

क्रम एकच लक्षात ठेवा. आधी ही बुरशी खरंच आजार करतेय का ते ठरवायचं, मग तिची स्पीशीज (नेमकी जात), आणि त्यानंतरच औषधाची टेस्ट, म्हणजे सेन्सिटिव्हिटी.

सॅम्पल

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. स्वॅब शक्यतो घेऊच नका, तोंडातला किंवा योनीमार्गातला थ्रश सोडला तर फंगससाठी स्वॅबचा फारसा उपयोग नाही, कापसाचे धागे मायक्रोस्कोपखाली हायफासारखे (बुरशीच्या तंतूंसारखे) दिसतात ते वेगळंच.

नायट्याचा पेशंट आला तर आधी विचारा की मेडिकलमधून कुठली ट्यूब आणून लावलीय का. दहातल्या बऱ्याच जणांनी लावलेलीच असते आणि त्यात बहुतेकदा स्टेरॉईड असतं, त्यामुळे चट्ट्याची गोल कडा पुसट झालेली असते. जमत असेल तर क्रीम दोन आठवडे बंद करून मग सॅम्पल घ्या. जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, आणि चट्ट्याच्या मधून नाही तर कडेवरून, जिथे तो पसरतोय तिथून, बोथट ब्लेडने खरवडा. खाली काळा कागद धरा म्हणजे पांढरे कण दिसतात, त्याचीच पुडी बांधा. ओल्या डबीत किंवा सलाइनमध्ये टाकू नका, कोरडं राहिलं तर बॅक्टेरिया माजत नाहीत आणि डर्मॅटोफाइट (नायट्याची बुरशी) त्या पुडीत आरामात जगतो. नखाचं सॅम्पल घेताना टोकाचा भुसा फेकून द्या, त्यात फक्त कचरा आणि हवेतल्या बुरश्या असतात, नखाखाली जितकं आत जाता येईल तिथलं घ्या. केस मात्र कापायचे नाहीत, मुळासकट उपटायचे.

टिश्यूच्या बाबतीत सर्जनला आधीच फोन करून सांगून ठेवा, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि मग वॉर्डातले मामा ती बाटली घेऊन आपल्या खिडकीत उभे राहतात, तेव्हा आपल्या हातात काहीच उरत नाही. दोन भाग करायचे, एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा थोड्या स्टराइल सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला, दोन तासांच्या आत. फ्रिजमध्ये ठेवू नका, म्युकरच्या बुरश्या (कोविडमध्ये 'काळी बुरशी' म्हणून गाजल्या त्या) थंडीत मरतात. सीएसएफ, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी, तेपण फ्रिजमध्ये नाही.

डोळ्याच्या बुबुळावरच्या जखमेचं वेगळं आहे. ऊसतोडीत पात लागली, भात झोडताना कुसळ उडालं, असं सांगत शेतकरी येतात, त्यात फ्युझॅरियम आणि अॅस्परजिलस हे नेहमीचे. स्क्रेपिंग इतकं थोडं निघतं की ते लॅबपर्यंत पाठवायच्या फंदात पडू नये, नेत्रतज्ज्ञांनी तिथल्या तिथे स्लाइड करावी आणि प्लेटवर इंग्रजी सी अक्षरासारख्या रेघा ओढून लावावं. नंतर वाढ त्या रेघांवर आली तर ती पेशंटची, रेघ सोडून बाजूला आली तर हवेतली. इतकी सोपी युक्ती आहे पण निर्णय लगेच होतो.

ब्लड कल्चरला मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली तरी रक्त हवं, दोन बाटल्या. कॅन्डिडा रक्तात खरंच असतानाही साधारण निम्म्या वेळा कल्चर निगेटिव्ह येतं, तेव्हा ३ मिलीच्या बाटलीवरून 'फंगस नाही' असं कुणाला सांगू नका.

केओएच: थोड्या वेळाचं काम, सगळ्यात मोलाचं

कल्चर लावायच्या आधी थेट स्लाइड बघायचीच. सॅम्पल कमी असेल आणि दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर क्लिनिकल डॉक्टरशी बोलून ठरवा, पण स्लाइड सोडून नुसतं कल्चर केलं तर उगवलेल्या बुरशीचा अर्थ लावणं कठीण जातं. त्वचेला १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पेशी विरघळवून बुरशी दाखवणारं द्रावण), नखाला २० ते ४० टक्के. त्वचेचं १० मिनिटांत निवळतं, नखाचे तुकडे छोट्या ट्यूबमध्ये केओएच घालून काही तास, वाटल्यास रात्रभर ठेवा. घाई करून बर्नरवर स्लाइड उकळू नका, केओएचचे स्फटिक होतात आणि मग काहीच कळत नाही.

आता बघायचं कसं. कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा, आधी १०एक्सवर सगळी कव्हरस्लिप फिरा आणि मग ४०एक्स. नवीन माणूस हमखास फसतो ते पेशींच्या कडांना, दोन पेशींच्या मध्ये चरबीचे चमकणारे तुकडे साचतात आणि ते जाळीसारखे दिसतात. ओळखायचं असं की ती जाळी पेशीच्या कडेकडेनेच वळत जाते, खरी हायफा मात्र पेशींची पर्वा न करता सरळ आरपार जाते, तिची जाडी सगळीकडे सारखी असते आणि मधूनमधून सेप्टा, म्हणजे आडवा पडदा, दिसतो. फाइन फोकस हलवत राहा, हायफाच्या दोन्ही भिंती समांतर दिसल्या की खात्री झाली. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर कॅल्कोफ्लुओर व्हाइट वापरा, भिंतीतल्या कायटिनला ते चिकटतं आणि बुरशी निळी-पांढरी चमकते, चुकायचं प्रमाण खूप खाली येतं.

टिश्यूमध्ये मुख्य प्रश्न एकच, म्युकर की अॅस्परजिलस. रुंद, रिबिनीसारखी, दुमडलेली, सेप्टा जवळजवळ नसलेली आणि काटकोनाच्या आसपास फुटणारी हायफा म्हणजे म्युकर. बारीक, एकसारख्या जाडीची, सेप्टा स्पष्ट असलेली आणि ४५ अंशात दुभंगणारी असेल तर अॅस्परजिलस, पण फ्युझॅरियम आणि सेडोस्पोरियमही टिश्यूत अशाच दिसतात, म्हणून रिपोर्टवर 'सेप्टेट हायफा दिसल्या' एवढंच लिहा, अॅस्परजिलस असं नाव कल्चर येईपर्यंत लिहू नका. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरचे पेशंट किती आले ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगायला नको, त्या दिवसांत कल्चर यायची वाट बघत कुणी बसलं नाही, केओएचवर रुंद हायफा दिसली की लॅबमधून थेट ईएनटीच्या डॉक्टरांना फोन जायचा आणि त्याच दिवशी पेशंट टेबलावर आणि अॅम्फोटेरिसिन चालू. ती सवय मोडू देऊ नका. व्होरिकोनाझोल म्युकरवर काम करत नाही, त्यामुळे हा फरक त्याच दिवशी कळवणं ही आपली जबाबदारी आहे.

कल्चर

सॅब्युरॉड डेक्स्ट्रोज अगर (बुरशी वाढवायचं जेलीसारखं मीडियम), म्हणजे एसडीए, त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घालून. प्रत्येक सॅम्पलच्या दोन ट्यूब, एक २५ ते ३० डिग्रीला, एक ३७ ला. सायक्लोहेक्सिमाइड घातलेलं मीडियम फक्त त्वचा, नख, केस यासाठीच वापरा आणि तिथेही सोबत एक बिनसायक्लोहेक्सिमाइडची ट्यूब लावाच, कारण ते औषध क्रिप्टोकॉकस, म्युकर, बऱ्याच अॅस्परजिलस आणि काही कॅन्डिडांनाही दाबून टाकतं.

म्युकरचा संशय असेल तर टिश्यू वाटायचा नाही. त्याच्या हायफाला मधे पडदेच नाहीत, वाटलं की सगळं आतलं बाहेर पडून बुरशी मरते आणि स्लाइडवर भरपूर दिसूनही कल्चर निगेटिव्ह येतं. स्टराइल ब्लेडने बारीक तुकडे करा आणि अगरमध्ये थोडे रुतवा.

पहिला आठवडा रोज बघा, नंतर आठवड्यातून दोनदा, आणि चार आठवडे झाल्याशिवाय निगेटिव्ह म्हणून टाकू नका. शिबं म्हणजे मॅलॅसेझिया साध्या एसडीएवर उगवतच नाही, त्याला वरून ऑलिव्ह ऑइल लागतं, पण त्याचं निदान केओएचवरच होतं तेव्हा कल्चरच्या मागे लागू नका.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे म्हणून ठळकपणे सांगतो. एचआयव्ही असलेला किंवा अॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या पेशंटचा बोन मॅरो किंवा टिश्यू आला, आणि २५ डिग्रीच्या ट्यूबमध्ये दोन-तीन आठवड्यांनी पांढरी कापसासारखी वाढ दिसली, तर ती ट्यूब उघड्या टेबलावर उघडू नका, वासही घेऊ नका. हिस्टोप्लाझ्मा असू शकतो आणि त्याचे स्पोअर (बीजाणू) श्वासातून सरळ फुप्फुसात जातात. कॅबिनेटमध्येच काम, स्लाइड कल्चर (स्लाइडवरच बुरशी वाढवणं) अजिबात नाही, आणि अशा सॅम्पलसाठी प्लेट नको, स्क्रू कॅपची ट्यूबच वापरा.

आता उगवलं म्हणजे आजार आहे का? थुंकीत कॅन्डिडा आला तर जवळजवळ नेहमी तो तोंडातला असतो, कॅन्डिडाचा न्यूमोनिया फारच दुर्मीळ, अशा थुंकीवर सेन्सिटिव्हिटी लावून रिपोर्ट पाठवला की डॉक्टरला वाटतं आता औषध द्यायलाच हवं. कॅथेटर असलेल्या पेशंटच्या लघवीतला कॅन्डिडाही बऱ्याचदा तसाच, कॅथेटर बदलून पुन्हा सॅम्पल मागवा. उलट रक्तात किंवा सीएसएफमध्ये एका बाटलीत जरी यीस्ट आलं तरी ते कंटॅमिनेशन म्हणून सोडायचं नाही, कधीच नाही. अॅस्परजिलस थुंकीत आला तर पेशंट कोण आहे ते बघा, ल्युकेमियाचा असेल, स्टेरॉईडवर असेल तर गंभीरपणे घ्या, सीटी आणि गॅलॅक्टोमॅनन (अॅस्परजिलसच्या भिंतीतल्या घटकाची तपासणी) याबद्दल डॉक्टरांशी बोला.

यीस्ट ओळखणं

सुरुवात जर्म ट्यूबने, म्हणजे यीस्टच्या पेशीतून नळी फुटते का ते बघून. अर्धा मिली सिरम, त्यात ताज्या कॉलनीचा अगदी हलका स्पर्श, ३७ डिग्री, दोन ते तीन तास. लूप भरून यीस्ट घातलं तर जर्म ट्यूब येतच नाही आणि रिझल्ट खोटा निगेटिव्ह होतो, म्हणून सिरम जेमतेम गढूळ दिसेल इतकंच घाला. बघताना नळी जिथे पेशीतून निघते तिथे आवळलेली आहे का ते पाहा, आवळलेली नसेल तर जर्म ट्यूब, आवळलेली असेल तर ती स्यूडोहायफा (खोटी हायफा), आणि तीन तासांच्या पुढे ठेवलं तर कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसही असलं काहीतरी काढून फसवतो. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स, क्वचित कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस. दर वेळी एक माहितीतला अल्बिकन्स आणि एक ट्रॉपिकॅलिस कंट्रोल म्हणून सोबत लावा.

सोबत क्रोम अगर लावलं तर अल्बिकन्स हिरवा, ट्रॉपिकॅलिस निळा, क्रुसेई गुलाबी आणि कोरडा खरखरीत दिसतो, शिवाय मिक्स वाढ असेल तर तीही लगेच कळते, सेन्सिटिव्हिटीच्या आधी हे फार महत्त्वाचं आहे कारण दोन यीस्ट मिसळून केलेल्या एमआयसीला (वाढ रोखणारी औषधाची कमीत कमी तीव्रता) काही अर्थ नाही. क्रोमवर रंग ४८ तासांनी वाचा. कॉर्नमील अगरमध्ये ट्वीन ८० घालून २५ डिग्रीला ठेवलं की अल्बिकन्सचे क्लॅमिडोस्पोअर (जाड भिंतीचे गोल स्पोअर) दिसतात. जुनी पद्धत आहे, स्वस्त आहे आणि शिकायला उत्तम आहे.

कॅन्डिडा ऑरिसचं मात्र मन लावून वाचा. २००९ मध्ये जपानमधल्या एका पेशंटच्या कानातून याचं पहिलं वर्णन झालं, भारतातले पहिले रिपोर्ट २०१३ चे, आणि आज आपल्याकडच्या मोठ्या आयसीयूंमध्ये तो घर करून आहे. जर्म ट्यूब निगेटिव्ह, साध्या क्रोमवर पांढरा ते फिकट गुलाबी-जांभळा, कॉर्नमीलवर सहसा हायफा नाही, म्हणजे दिसायला अगदी गरीब. जुन्या डेटाबेसचं व्हायटेक मशीन त्याला कॅन्डिडा हीम्युलोनी म्हणतं, जुनी एपीआय पट्टी र‍्होडोटोरुला म्हणते आणि कॉलनी तर लाल नसतेच. असं काही नाव मशीनने दिलं तर थांबा. त्याच यीस्टची एक स्लांट (तिरप्या अगरची ट्यूब) ४२ डिग्रीला लावा, ऑरिस तिथे मजेत वाढतो, हीम्युलोनी वाढत नाही. पक्कं करायला माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं मशीन), तेही अपडेटेड डेटाबेससह, किंवा डीएनए सीक्वेन्सिंग. संशय आला की लगेच वॉर्डला कळवा, पेशंट वेगळा ठेवायला सांगा आणि फरशी-बेड पुसायला क्लोरीनचं जंतुनाशक, क्वाटर्नरी अमोनियमच्या नेहमीच्या लिक्विडला तो दाद देत नाही. रिपोर्ट छापून यायची वाट बघू नका.

गोल, मोठं, बडिंग यीस्ट सीएसएफमध्ये दिसलं तर इंडिया इंक (काळ्या शाईची स्लाइड) करा, भोवती स्वच्छ कॅप्सूल दिसली तर क्रिप्टोकॉकस. पण इंडिया इंक निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, क्रिप्टोकॉकल अँटिजेनची लॅटरल फ्लो पट्टी कितीतरी जास्त केसेस पकडते. कल्चरवर युरिएज पॉझिटिव्ह, आणि नायजर सीड अगरवर कॉलनी तपकिरी होते. नायजर सीड म्हणजे आपले कारळे, चटणी करतो तेच. बाजारातून आणलेले साधे कारळे वाटून, पाण्यात उकळून, गाळून तो अर्क अगरमध्ये घालतात, त्यातल्या फिनॉलपासून क्रिप्टोकॉकस मेलॅनिन बनवतो आणि बाकीची यीस्ट पांढरीच राहतात. विकतचं मीडियम परवडत नसेल तरी ही टेस्ट कुठल्याही लॅबला जमण्यासारखी आहे. फक्त भाजलेले कारळे घेऊ नका, कच्चेच घ्या.

मोल्ड ओळखणं

मोल्ड म्हणजे तंतूंनी वाढणारी बुरशी. तिच्या कॉलनीचा वरचा रंग, मागचा रंग, पोत आणि वाढायचा वेग, हे चारही लिहून ठेवा. मग पारदर्शक चिकटपट्टी कॉलनीवर हलकेच दाबून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या थेंबावर ठेवा, सुईने टीझ केलं तर स्पोअरची मांडणी विस्कटते, पट्टीने ती तशीच राहते. तरी कळलं नाही तर स्लाइड कल्चर.

अॅस्परजिलस फ्युमिगेटस निळसर हिरवा, डोकं एका बाजूने उमलल्यासारखं, फियालाइड (स्पोअर बनवणाऱ्या पेशी) एकाच रांगेत आणि व्हेसिकलच्या (दांड्याच्या टोकावरच्या फुग्याच्या) वरच्या भागावरच, ४८ डिग्रीलाही वाढतो. फ्लेव्हस पिवळट हिरवा, कोनिडिओफोरची (स्पोअर धरणाऱ्या दांड्याची) भिंत खरखरीत. टेरियस दालचिनीच्या रंगाचा, आणि हा ओळखायलाच हवा कारण अॅम्फोटेरिसिनला तो मुळात दाद देत नाही. म्युकर गटातल्या ऱ्हायझोपसला रायझॉइड, म्हणजे मुळं, बरोबर स्पोरँजिओफोरच्या (स्पोअरची पिशवी धरणाऱ्या दांड्याच्या) खाली असतात. आपल्याकडे अपघाताच्या, मातीत लोळलेल्या जखमांमधून अॅपोफायसोमायसिस निघतो आणि तो एसडीएवर नुसताच पांढरा वाढतो, स्पोअर देतच नाही. त्याचा छोटा तुकडा कापून थोडं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेल्या स्टराइल पाण्यात ठेवा, उपासमार झाली की स्पोअर धरतो.

नायट्याच्या बाबतीत आपल्याकडे आता मुख्य बुरशी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए, हे नाव २०२० मध्ये दिलं गेलं, आधी त्याला मेंटॅग्रोफायटीसचा आठवा जीनोटाइप म्हणत. नुसत्या मायक्रोस्कोपवर तो मेंटॅग्रोफायटीसपासून वेगळा करता येत नाही, आयटीएस या डीएनएच्या भागाचं सीक्वेन्सिंग लागतं, म्हणून साध्या लॅबने 'मेंटॅग्रोफायटीस कॉम्प्लेक्स' असं लिहावं. त्याच्या स्क्वॅलीन इपॉक्सिडेज जीनमधल्या बदलामुळे टर्बिनाफिन निकामी ठरतं, आणि हेच कारण की कित्येक घरांमध्ये अख्खं कुटुंब महिनोन्महिने गोळ्या खाऊनही खाजवत बसलेलं असतं.

आता सेन्सिटिव्हिटी

कुणावर करायची? रक्त, सीएसएफ, टिश्यू अशा निर्जंतुक जागेतलं सगळं, औषध चालू असूनही बरं न होणारं, आणि कॅन्डिडा ऑरिस किंवा कॅन्डिडा ग्लाब्राटासारख्या स्पीशीज. जिथे उत्तर आधीच माहीत आहे तिथे टेस्ट करायची गरज नाही, सरळ रेझिस्टंट लिहा: क्रुसेईला फ्लुकोनाझोल, अॅस्परजिलसला फ्लुकोनाझोल, म्युकरला व्होरिकोनाझोल आणि एकायनोकँडिन (कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन यांचा गट), क्रिप्टोकॉकस आणि ट्रायकोस्पोरॉनला एकायनोकँडिन.

छोट्या लॅबसाठी डिस्क पद्धत आहे, सीएलएसआय या टेस्टचे मानक ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एम ४४. म्युलर हिंटन अगरमध्ये २ टक्के ग्लुकोज आणि मिलीमागे ०.५ मायक्रोग्रॅम मेथिलीन ब्लू. बॅक्टेरियाच्या साध्या म्युलर हिंटनवर करू नका, त्यावर यीस्ट नीट वाढत नाही आणि झोनची कडा धूसर येते. ०.५ मॅकफार्लंडचं (गढूळपणाचं माप) सस्पेन्शन, ३५ डिग्री, २० ते २४ तास. फ्लुकोनाझोलची २५ मायक्रोग्रॅमची डिस्क घ्या, १० मायक्रोग्रॅमची घेऊन खालच्या आकड्यांवरून वाचू नका. वाढ ठळकपणे कमी झालेली जागा म्हणजे झोनची कडा, आतल्या बारीक ठिपक्यांसारख्या कॉलनी सोडून द्या. अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस या कॅन्डिडांना १७ मिमी किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, १४ ते १६ म्हणजे डोसवर अवलंबून (वाढीव डोसने चालू शकतं), १३ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट.

खरी पद्धत मात्र ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे छोट्या खाचांत पातळ मीडियममध्ये उतरत्या तीव्रतेचं औषध, यीस्टला एम २७ आणि मोल्डला एम ३८. दिसते अवघड पण एकदा बसलं की हाताला वळण लागतं. औषधाची शुद्ध पावडर लागते, गोळी कुटून चालत नाही, आणि पावडरच्या डबीवर पोटेन्सी लिहिलेली असते ती हिशोबात धरा: वजन गुणिले पोटेन्सी भागिले हवी ती तीव्रता, तेवढ्या मिलीत विरघळवा. फ्लुकोनाझोल पाण्यात विरघळतं, व्होरिकोनाझोल आणि अॅम्फोटेरिसिन डीएमएसओमध्ये. मीडियम आरपीएमआय १६४०, मॉप्स बफरने पीएच ७.० केलेलं. पीएच इकडेतिकडे झाला की एमआयसीही सरकते, तेव्हा दर बॅचला मोजा.

यीस्टचं ०.५ मॅकफार्लंड म्हणजे मिलीमागे १० ते ५० लाख पेशी. ते आधी ५० पट आणि मग २० पट पातळ करा, म्हणजे १००० ते ५००० उरतात, प्लेटमधल्या औषधात तेवढंच मिसळलं की शेवटी ५०० ते २५००. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पहिल्या दहा खाचांत औषध उतरत्या क्रमाने, अकरावीत औषधाशिवाय यीस्ट, बारावीत नुसतं मीडियम. ३५ डिग्री, २४ तास, क्रिप्टोकॉकसला ७२ तास.

वाचताना चूक होते ती अशी. फ्लुकोनाझोलला पूर्ण स्वच्छ खाच शोधायची नाही, अकराव्या खाचेच्या तुलनेत वाढ निम्मी झाली की ती एमआयसी. ट्रॉपिकॅलिस आणि कधीकधी अल्बिकन्स सगळ्या खाचांत थोडी थोडी धुगधुगी ठेवतात, त्याला ट्रेलिंग म्हणतात, आणि ४८ तासांनी किंवा पूर्ण स्वच्छतेच्या हट्टाने वाचलं की चांगलं सेन्सिटिव्ह यीस्ट रेझिस्टंट म्हणून रिपोर्ट होतं आणि पेशंटला विनाकारण महागडं इंजेक्शन लागतं. एकायनोकँडिनलाही निम्मी वाढ. अॅम्फोटेरिसिनला मात्र पूर्ण स्वच्छ खाच हवी. प्लेट खालून आरशात बघा, आणि पहिले काही महिने दोघांनी एकमेकांना न सांगता वाचा.

अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिसला फ्लुकोनाझोलची एमआयसी (मिलीमागे मायक्रोग्रॅममध्ये) २ किंवा कमी सेन्सिटिव्ह, ४ डोसवर अवलंबून, ८ किंवा जास्त रेझिस्टंट. ग्लाब्राटाला सेन्सिटिव्ह हा प्रकारच नाही, ३२ पर्यंत डोसवर अवलंबून आणि ६४ पासून रेझिस्टंट. म्हणजे बघा, एमआयसी १६ आली तर एका स्पीशीजला रेझिस्टंट आणि दुसरीला वाढीव डोस देऊन चालू शकतं, आणि यासाठीच मी सुरुवातीपासून नाव आधी म्हणतोय. ऑरिससाठी अमेरिकेच्या सीडीसीचे तात्पुरते आकडे आहेत, फ्लुकोनाझोल ३२ किंवा जास्त, अॅम्फोटेरिसिन २ किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट धरायचं. युरोपच्या युकास्ट या मानक संस्थेची पद्धत वेगळी, त्यात ग्लुकोज आणि पेशींची संख्या जास्त, म्हणून युकास्टने केलेली एमआयसी सीएलएसआयच्या तक्त्यात घालून वाचायची नाही. कॅस्पोफंजिनचे आकडे लॅबगणिक खूप बदलतात, मायकाफंजिन किंवा अॅनिड्युलाफंजिन लावलेलं बरं. व्हायटेकने ऑरिसची अॅम्फोटेरिसिन एमआयसी जास्त दाखवली तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करा, तिथे मशीन वर दाखवतं हे माहीत असलेलं आहे.

दर बॅचला दोन क्वालिटी कंट्रोल (प्रमाणित स्ट्रेन) लावायचेच, पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ आणि क्रुसेई एटीसीसी ६२५८. २४ तासांनी फ्लुकोनाझोलची एमआयसी पहिल्याची ०.५ ते ४ आणि दुसऱ्याची ८ ते ६४ मध्ये यायला हवी. बाहेर गेली तर त्या दिवसाचा एकही पेशंटचा रिपोर्ट सोडायचा नाही, कितीही फोन येवोत.

मोल्डमध्ये कोनिडियाचं (स्पोअरचं) सस्पेन्शन करतात, हायफाचे गठ्ठे खाली बसू द्या आणि वरचंच घ्या. अॅस्परजिलसला ४८ तास आणि अझोलला (व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल यांचा गट) पूर्ण स्वच्छ खाच. एकायनोकँडिन अॅस्परजिलसला मारून टाकत नाही, हायफा आखूड, गोळा झालेल्या दिसायला लागतात, ती पहिली खाच म्हणजे एमईसी, एमआयसी नाही. म्युकर २४ तासांतच वाचा. डर्मॅटोफाइटला चार दिवस आणि ८० टक्के घट. फ्युमिगेटसमध्ये अझोल रेझिस्टन्स भारतातही सापडलेला आहे, शेतातल्या फवारणीच्या अझोलशी त्याचा संबंध जोडला जातो, म्हणून ज्याने आयुष्यात व्होरिकोनाझोल घेतलं नाही अशा पेशंटमध्येही तो निघू शकतो. सगळ्या मोल्डची एमआयसी जमत नसेल तर इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल घातलेल्या अगरची चार खाचांची स्क्रीनिंग प्लेट करून ठेवा, औषधाच्या खाचेत उगवलं तरच पुढे पाठवा.

रिपोर्ट आणि पुढे पाठवणं

रिपोर्टमध्ये सॅम्पल, थेट स्लाइडवर काय दिसलं, स्पीशीज, एमआयसीचा आकडा, कुठल्या पद्धतीने केली आणि कुठल्या तक्त्यावरून वाचली, हे सगळं लिहा. जिथे ब्रेकपॉइंट (सेन्सिटिव्ह-रेझिस्टंट ठरवणारा आकडा) नाही, जसं डर्मॅटोफाइटला टर्बिनाफिन किंवा म्युकरला अॅम्फोटेरिसिन, तिथे नुसता आकडा द्या, एस किंवा आर मनाने लिहू नका. नावं सध्या भराभर बदलतायत, क्रुसेई आता पिचिया कुद्रियाव्हझेव्हिआय, ग्लाब्राटा नाकासेओमायसिस, २०२४ मध्ये ऑरिसचंही कॅन्डिडोझायमा केलं, तेव्हा नवं आणि जुनं दोन्ही लिहा, वॉर्डातला रेसिडेंट गोंधळला तर नुकसान पेशंटचं होतं.

महत्त्वाची प्रत्येक बुरशी जपून ठेवा. डीप फ्रीझर नसेल तर स्क्रू कॅपच्या बाटलीत स्टराइल डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात कॉलनीचे तुकडे टाका, खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतात. ओळख पटली नाही तर चंदीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आधी विचारून तिथे किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजला पाठवा. पाठवताना प्लेट नाही, स्लांट, ताजी आणि शुद्ध वाढ, झाकण पट्टीने बंद, तीन थरांचं पॅकिंग, आणि सोबत एका कागदावर पेशंटचं वय, सॅम्पल कुठलं, आजार काय, कुठलं औषध किती दिवस चालू आहे आणि तुमच्या केओएचमध्ये काय दिसलं होतं ते, कारण तो कागद नसेल तर तिकडच्या माणसालाही 'बुरशी उगवली' याच्या पलीकडे फार काही सांगता येत नाही.